‘अंतर्गत बाब’

(बिबवेवाडीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)



पत्रकावर विषय छापलाय : परक्या देशात फौजा घुसल्या की ताकदवान लोकशाही काय करते? ही पत्रकं वाटताना वस्तीत पोरांना विचारलं गेलं म्हणे, अप्परला पाणी किती वाजता येतं ते सांगा, परदेशाचं काय घेऊन बसलात? प्रश्न खरा आहे. त्याला हसायचं नाही. परराष्ट्र धोरण हा शब्दच असा करून ठेवलाय की तो इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसानं टीव्हीवर बसून उच्चारायचा. आपण त्यातलं ओझं तेवढं उचलायचं.

मी मुंबईच्या गोदीत कंत्राटी कामगार आहे. शिक्षण मॅट्रिक. आता त्याला दहावी म्हणतात, माझा बाप अजून मॅट्रिकच म्हणतो. कविता लिहितो. गोदीत उभ्या राहणाऱ्या माणसाला परदेश लांबचा वाटत नाही. तो रोज अंगावर येतो. तांबड्या समुद्रात कुणी तोफ डागली की जहाज आफ्रिकेला वळसा घालून येतं, आणि इकडं आमची पाळी बुडते. मुकादम म्हणतो, आज काम नाही, जा. काम नाही म्हणजे हजेरी नाही, हजेरी नाही म्हणजे चूल नाही. इथं मार्केटयार्डातले हमाल बसलेत. त्यांना विचारा, २०२२ साली युक्रेनमध्ये लढाई लागली तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाच्या डब्याचं काय झालं. तेव्हा लढाई परदेशात होते आणि तिचा हिशेब वस्तीत होतो, एवढं तर आपण सगळे अनुभवानं शिकलोय.

आणि पाण्याचा प्रश्न विचारणाऱ्याला बाबासाहेबांनी १९५१ सालीच उत्तर देऊन ठेवलंय. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलासाठी दिला, हे आपण सगळे सांगतो. पण त्या निवेदनात आणखी कारणं होती, आणि त्यातलं एक परराष्ट्र धोरण हे होतं. त्यांनी सरळ हिशेब मांडला. केंद्राचा महसूल साडेतीनशे कोटी. त्यातले एकशेऐंशी कोटी लष्करावर. का? तर आपल्याला दोस्त राहिले नाहीत म्हणून. अडचणीत मदतीला येईल असा कुणी नाही, म्हणून सगळा खर्च आपल्याच अंगावर. भुकेल्याला खायला घालायचे पैसे तिकडं जातात. म्हणजे नळाला पाणी का नाही, याचं एक उत्तर दिल्लीच्या परराष्ट्र खात्यात असतं. नगरपालिकेत नुसतं हेलपाटे घालून ते सापडत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मी युक्रेनपासून सुरू करणार नाही. मी तिबेटपासून सुरू करणार आहे. कारण ती आपल्या लोकशाहीची पहिली परीक्षा होती.

२६ जानेवारी १९५० ला आपली राज्यघटना लागू झाली. तिला नऊ महिने होत नाहीत तोच, ऑक्टोबर १९५० मध्ये, चीनची फौज पूर्व तिबेटात घुसली. चामदो पडलं. तिबेटची फौज किरकोळ, बंदुका जुन्या. भारतानं चीनला खलिता धाडला. आश्चर्य वाटलं, खेद वाटला, शांततेनं मिटवा. चीननं उत्तर दिलं : तिबेट ही आमची अंतर्गत बाब आहे, बाहेरच्यानं यात पडू नये.

अंतर्गत बाब. हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढं लागणार आहेत.

नोव्हेंबरात तिबेटनं संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज केला. आम्हाला वाचवा. आता सांगा, कुणी उचलून धरला असेल तो? अमेरिकेनं? ब्रिटननं? भारतानं? एल साल्वादोरनं! मध्य अमेरिकेतला एवढासा देश. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल. त्यानं म्हटलं, हा हल्ला आहे, यावर चर्चा करा. आणि ब्रिटनच्या प्रतिनिधीनं काय म्हटलं? तिबेटचा कायदेशीर दर्जा स्पष्ट नाही, जरा थांबू या. भारताचे प्रतिनिधी होते नवानगरचे जामसाहेब. संस्थानिक. त्यांनी सांगितलं, शांततेनं मिटेल अशी आम्हाला आशा आहे. अमेरिका म्हणाली, भारत म्हणतोय तर ठीक. २४ नोव्हेंबर १९५० ला विषय पुढं ढकलला. तो ढकलला तो ढकललाच.

बघा, तिन्ही लोकशाह्या. एक जगात सर्वांत जुनी म्हणवणारी, एक सर्वांत बलाढ्य, एक सर्वांत मोठी. तिघींनी मिळून एका अर्जावर शेरा मारला : ‘पुढील तारीख’. आपल्याला हा शेरा नवा आहे का? पोलीस ठाण्यात गेलेल्या आपल्या माणसाला विचारा. तहसील कचेरीत गायरानाचा अर्ज घेऊन गेलेल्याला विचारा. तुझा दर्जा स्पष्ट नाही. जातीचा दाखला आण, रहिवासी दाखला आण, पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा आण. घरावर दगड आत्ता पडतोय, आणि पुरावा आजोबाचा मागतात.

यातही एक गंमत आहे. फौज आत गेली, आता तिला खायला लागणार. तिबेटात तेवढा दाणा नाही, चीनकडून जायला धड रस्ता नाही. मग १९५२ पासून चीनला तिबेटात तांदूळ न्यायला भारतानं आपल्या मुलखातून वाट दिली. कलकत्त्याच्या बाजूनं, सिक्कीममधून वर. सरकार दिल्लीत शांततेवर भाषण करत होतं, आणि घुसलेल्या फौजेचं पोट आपल्याच हमालांच्या पाठीवरून भरत होतं. त्या पोत्यात काय आहे, कुणासाठी आहे, हे त्या हमालाला कुणी सांगितलं असेल? मला गोदीचा अनुभव आहे. आम्हाला नग मोजायला सांगतात, नाव वाचायला नाही.

मग आलं २९ एप्रिल १९५४. पेकिंगला भारत-चीन करार झाला. करारात ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असं लिहिलं. यातुंग आणि ग्यांत्सेला भारताच्या पलटणी होत्या, त्या काढून घ्यायच्या ठरल्या. तार-टपाल, विश्रामगृहं देऊन टाकायची ठरली. आणि कराराच्या कपाळावर कुंकू लावलं पंचशीलाचं. पंचशील! आपला शब्द. भिक्खूच्या तोंडचा शब्द. एका बौद्ध देशाचा ताबा मान्य करणाऱ्या कागदावर तो छापला.

त्याच उन्हाळ्यात बाबासाहेब भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे होते. रखरखतं ऊन, साठी ओलांडलेलं, दुखण्यानं पोखरलेलं शरीर. पडले. ज्यानं घटना लिहिली त्याला लोकसभेत जागा मिळाली नाही. राज्यसभेत होते, तिथून ते बोलले. २६ ऑगस्ट १९५४. ते भाषण आपल्या पोरांनी वाचायला पाहिजे. चौकात आपण चवदार तळं सांगतो, काळाराम सांगतो, हे भाषण सांगत नाही. त्याचा सारांश असा. पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा भाग आहे. माओचा त्यावर खरंच विश्वास असता तर त्यानं स्वतःच्या देशातल्या बौद्धांना निराळं वागवलं असतं. राजकारणात पंचशीलाला जागा नाही. आणि ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची हद्द आपल्या हद्दीला आणून भिडवली. आणखी एक फार मोठी गोष्ट त्यांनी मांडली : ज्याला तुम्ही शांतता म्हणता ती देश कापून, वाटून विकत घेतलेली शांतता आहे.

आठ वर्षांनी, १९६२ साली, चीन आला. तेव्हा सगळ्यांना कळलं. पण मी बाबासाहेबांना ज्योतिषी करायला उभा राहिलेलो नाही. त्यांचं भविष्य खरं ठरलं म्हणून ते मोठे नाहीत. ते दूरचं बघू शकले कारण त्यांनी गाव बघितलं होतं. ज्यानं गावात सवर्णांची ‘शांतता’ बघितली आहे, तो जगातली शांतता लगेच ओळखतो. महारवाड्याला बहिष्कार घातला, किराणा बंद, दळण बंद, विहीर बंद. आणि सगळं गाव म्हणतं, आमच्या गावात भांडणतंटा नाही बरं का. मार खाणारा ओरडत नाही तोवर शांतताच असते.

आता इथं कुणीतरी डावा मित्र उठेल. उठावं. तो म्हणेल, अरे, तिबेटात काय रामराज्य होतं का? मठांच्या जमिनी, सरदारांच्या जमिनी, त्यावर राबणारी कुळं, वेठ. चीननं ती मोडली. मित्रा, वेठ होती. मी ती झाकणार नाही. वेठबिगारीचा वकील होण्यासाठी मी इथं आलो नाही. आणि तू आणखी पुढं जाऊन म्हणशील, इथून तासाभरावर भीमा कोरेगाव आहे. १ जानेवारी १८१८ ला आपले पूर्वज परक्या कंपनीच्या फौजेत उभे होते, पेशवाईविरुद्ध. मग परका आला तर वाईटच, असं तू कोणत्या तोंडानं म्हणतोस?

हा खरा अवघड प्रश्न आहे. याला बगल देणारा माणूस आपल्या व्यासपीठावर नको. गळ्यात मडकं, कमरेला झाडू, त्या राज्याविरुद्ध ज्यांनी बंदूक उचलली त्यांना मी मुजरा करतो. पण गोष्ट १८१८ ला संपत नाही. कंपनीनं आपल्याला फौजेत घेतलं, ते तिला शिपाई हवे होते म्हणून. आणि १८९० च्या दशकात, गरज सरल्यावर, त्याच गोऱ्यांनी महारांची भरती बंद केली. दार उघडलं त्यांच्या सोयीनं, लावलं त्यांच्या सोयीनं. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजाच्या तोंडावर हेच विचारलं. तुमच्या येण्याआधी आम्ही अस्पृश्य होतो, आजही आहोत. विहीर बंद होती, आजही आहे. मग तुम्ही केलंत काय? आणि म्हणून त्यांनी लोकांचं, लोकांनी चालवलेलं राज्य मागितलं.

म्हणजे घुसणारा नेहमी म्हणतो, मी गुलामाला सोडवायला आलोय. चीन म्हणाला. पोर्तुगीज गोव्यात म्हणाले. अमेरिका इराकमध्ये म्हणाली. त्याला एकच प्रश्न विचारायचा : ज्याला सोडवलंस, त्याला आता तुझ्याविरुद्ध बोलता येतं का? तिबेटातल्या त्या कुळाला ल्हासाच्या चौकात उभं राहून सरकारला शिवी देता येते का? येत नसेल, तर फक्त मालक बदललाय. पट्टा तोच आहे, गळा तोच आहे.

१९५६ सालाकडं या. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. तीन आठवडे होत नाहीत तोच, ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. हंगेरीतले कामगार, विद्यार्थी रस्त्यावर होते. त्याच दिवसांत ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल सुएझवर तुटून पडले होते. सुएझवर नेहरूंचा आवाज लगेच चढला. बरोबरच होतं. हंगेरीवर मात्र शब्द सापडेनात. सोव्हिएत फौज मागे घ्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या, असा ठराव ९ नोव्हेंबरला आला, तेव्हा भारतानं त्याच्या विरुद्ध मत दिलं. आज देखरेखीचं मतदान हंगेरीत मान्य केलं, तर उद्या तेच काश्मीरात मागतील, ही भीती होती. स्वतःच्या घरातलं कपाट उघडेल म्हणून शेजाऱ्याच्या घरातल्या चोरीला चोरी म्हणायचं नाही. त्याच हिवाळ्यात बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षासाठी दलाई लामा भारतात आले होते. त्यांना इथंच राहायचं होतं. नेहरूंनी त्यांना परत जायचा सल्ला दिला. ते परत गेले. मार्च १९५९ मध्ये जीव मुठीत धरून पुन्हा आले, ते कायमचे.

तेव्हा भारतानं आसरा दिला. हे मान्य केलं पाहिजे, आणि मोठ्यानं मान्य केलं पाहिजे. त्यातली एक वसाहत आपल्या महाराष्ट्रात आहे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावला. नोर्ग्येलिंग. १९७२ पासून. थंडीत पुण्यामुंबईत फुटपाथवर स्वेटर विकणारे तिबेटी तुम्ही बघता, घासाघीस करता. एकदा त्यांना विचारा, तुमचं गाव कोणतं. पण आसरा देणाऱ्या त्याच भारतानं ऑक्टोबर १९५९ मध्ये, तिबेटातल्या मानवी हक्कांचा ठराव संयुक्त राष्ट्रांत आला तेव्हा, हात वर केला नाही. ठराव आयर्लंड आणि मलायानं आणला होता. ४५ बाजूनं, ९ विरुद्ध, २६ तटस्थ. त्या सव्वीसात भारत. १९६१ लाही तटस्थ. १९६५ ला मात्र बाजूनं मत दिलं. मधे १९६२ घडलं होतं. स्वतःच्या पाठीवर बसल्यावर हात वर गेला.

गोठणगाव हे तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातलं. गोंदिया १९९९ साली वेगळा झाला. म्हणजे जिथं बाबासाहेब पडले, त्याच जिल्ह्यात तिबेटी माणसाला सरकारनं जमीन दिली. आणि त्याच भंडाऱ्यात २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी झालं. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं ठेचून मारली. आई, मुलगी, दोन मुलं. कशावरून? शेताच्या बांधावरून, ताठ मानेवरून, पोरीच्या शिकण्यावरून. आणि खटल्यात न्यायालयानं जातीय अत्याचाराचं कलम लावलंच नाही. सूड म्हटलं. मी हे तिबेट्याविरुद्ध बोलत नाही, कान उघडे ठेवून ऐका. त्याला दिली ती जमीन बरोबरच दिली. मी राज्यकर्त्यांबद्दल बोलतोय. परक्याच्या घरातली आग दिसते, आपल्या अंगणातली दिसत नाही. आणि कधी कधी दोन्ही दिसतात, पण बोलायला परवडत नाही.

आता ते दोन शब्द काढा. अंतर्गत बाब. २००१ साली दक्षिण आफ्रिकेत दरबानला वंशवादाविरुद्धची जागतिक परिषद भरली. आपली माणसं तिथं गेली. म्हणाली, जातीवर बोला. जन्मावरून माणसाला हीन ठरवणं हे वंशभेदाचं सख्खं भावंड आहे. आणि भारताच्या सरकारनं काय म्हटलं? जात म्हणजे वंश नव्हे, आणि ही आमची अंतर्गत बाब आहे.

१९५० साली पेकिंगनं दिल्लीच्या तोंडावर जो शब्द फेकला, तोच ५१ वर्षांनी दिल्लीनं जगाच्या तोंडावर फेकला. तिबेटच्या जागी आपण होतो. म्हणून सांगतो, परदेशावरचा हल्ला हा आपला विषय आहे. ज्या कुलपानं तिबेटचं तोंड बंद केलं, त्याच कुलपानं आपलं तोंड बंद करतात. किल्ली एकच आहे. जगातल्या कुठल्याही दुबळ्यावर हात उचलला जातो तेव्हा ‘त्यांचं ते बघतील’ म्हणणारा दलित स्वतःच्याच दाराला कडी लावून घेतो, बाहेरून.

अमेरिकेचं म्हणाल, तर बाबासाहेबांचा कल त्या बाजूला होता हे लपवायचं कारण नाही. त्यांना रशियाच्या हुकूमशाहीचा धोका जास्त वाटत होता. पण त्यांच्या माघारी १९७१ आलं. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी फौज ढाक्यावर तुटून पडली. ही तर त्याच देशाची फौज होती, म्हणजे पुन्हा ‘अंतर्गत बाब’. कोटभर माणसं सीमा ओलांडून भारतात आली. ढाक्यातले अमेरिकेचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिलला वॉशिंग्टनला निषेधाची तार पाठवली. वीस सहकाऱ्यांच्या सह्या. आपलं सरकार लोकशाही चिरडली जाताना गप्प आहे, असा तिचा अर्थ. निक्सन-किसिंजरनं काय केलं? ब्लड यांचीच बदली. कारण पाकिस्तानच्या मध्यस्थीनं त्यांना चीनशी सोयरीक जमवायची होती. जुलैत किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप पेकिंगला गेला. आणि डिसेंबरात सातवं आरमार बंगालच्या उपसागरात.

पण अमेरिका म्हणजे निक्सन नव्हे. हे मला गोदीनं शिकवलं. सरकार सांगत होतं, पाकिस्तानला शस्त्रं बंद केलीत. वर्तमानपत्रानं उघडकीला आणलं की जहाजं जातच आहेत. त्यातलं एक ‘पद्मा’. नदीचं नाव, पोटात लष्करी सामान. जुलै १९७१ मध्ये बाल्टिमोरच्या बंदरात साध्या माणसांनी लहान लहान होड्या घालून ते अडवलं. पोलिसांनी त्यांना पाण्यातून उचलून कोठडीत घातलं. पुढं फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजावर माल चढवायला नकार दिला. ढाका कुठं आहे हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल? पण माल कुठं पडणार हे कळलं, आणि त्यांनी हात काढून घेतले. लोकशाहीचं सरकार एक बोलतं, लोकशाहीचा हमाल दुसरं करतो. मला दुसऱ्यात जास्त लोकशाही दिसते.

आता २०२२. २४ फेब्रुवारीला रशियाची फौज युक्रेनमध्ये घुसली. २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला. १४१ बाजूनं, ५ विरुद्ध, ३५ तटस्थ. भारत कुठं? तटस्थ. पक्ष बदलले, पंतप्रधान बदलले, १९५९ ची खुर्ची तशीच. लढाईआधी आपल्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. दोनेक वर्षांत तो तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. स्वस्त तेल घेतलं, त्याचं डिझेल केलं आणि बरंचसं युरोपलाच विकलं. आणि रशियावर निर्बंध घालणारा युरोप ते डिझेल घेत राहिला. दोन्हीकडच्या लोकशाह्यांचे हात तेलकट. खारकीव्हमधून, सुमीमधून आपली डॉक्टरकीची पोरं पळत सुटली. ‘ऑपरेशन गंगा’ करून साडेबावीस हजारांच्या आसपास माणसं परत आणली. चांगलं केलं. पण ती तिकडं गेली कशाला? इथल्या खाजगी वैद्यकीय कॉलेजांची फी बापाचं शेत विकूनही भरत नाही म्हणून. आणि २०२४ साली कळलं की मदतनिसाची नोकरी सांगून नेलेल्या भारतीय पोरांना रशियानं आघाडीवर उभं केलं. काही मेले. बेकारी घेऊन गेलेला पोरगा परक्याच्या खंदकात मेला. तटस्थ देशाचा नागरिक! तटस्थपणा दिल्लीत असतो. खंदकात तटस्थ कुणी नसतं.

काही जण म्हणतील, राष्ट्राचं हित बघायला नको? बघा की. पण कुणाचं हित ते नाव घेऊन सांगा. तेल स्वस्त घेतलं त्यात बिबवेवाडीच्या रिक्षावाल्याचं हित किती आणि शुद्धीकरण कारखान्याच्या मालकाचं किती, हा हिशेब फळ्यावर मांडा. गोरगरिबांचं खरंच हित असेल तर मीही गप्प बसेन, असंही नाही. पण निदान भांडण खरं होईल. आता होतं काय, की मालकाच्या नफ्याला राष्ट्रहित म्हणतात, आणि हमालाच्या नकाराला देशद्रोह.

मग ताकदवान लोकशाहीनं करावं काय? फौज पाठवा, असं मी म्हणत नाही. फौजेत पुन्हा आपलीच पोरं असतात. मी तीन गोष्टी मागतो. एक, मारणाऱ्याचं नाव घ्या. ‘दोन्ही बाजूंनी संयम पाळावा’ हे वाक्य आपण प्रत्येक अत्याचारानंतर कलेक्टरच्या तोंडून ऐकलंय. ज्याचं घर जळलं त्यानं कसला संयम पाळायचा? दोन, मारणाऱ्याचं ओझं वाहू नका. त्याचा तांदूळ, त्याचं तेल, त्याचा दारूगोळा. तीन, पळून आलेल्याला दार उघडा, आणि ते मेहेरबानी म्हणून नव्हे, कायद्यानं. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर आजतागायत सही केलेली नाही. म्हणून एकाला आसरा आणि दुसऱ्याला हाकलणं, हे सरकारच्या लहरीवर चालतं. लहरीवर चालतं त्याला आपण हक्क म्हणत नाही, भीक म्हणतो. आणि भीक आपण १९२७ ला महाडला सोडली.

हे सरकार करील का? आपोआप नाही करणार. म्हणून शेवटी पुन्हा हमालाकडं येतो.

१४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा जन्मदिवस. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज फुटलं. ब्रिटनचं युद्ध, लोकशाहीचं युद्ध. जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा आणि हजार टनांहून जास्त स्फोटकं, एकाच ठिकाणी. स्फोटकं असलेल्या जहाजानं लाल बावटा लावायचा असतो. तो लावलेला नव्हता. दुपारी दोन स्फोट झाले. शेकडो माणसं गेली. नेमकी किती, ते आकडे आजही एकमेकांशी जुळत नाहीत, कारण रोजंदारीच्या माणसाची नोंद तेव्हाही अशीच होती. सोन्याच्या विटा मात्र पुढं कित्येक वर्षं गाळातून सापडत राहिल्या, आणि मोजल्या गेल्या.

हे मी का सांगतो? कारण युद्ध आपल्याकडं भाषण होऊन येत नाही. माल होऊन येतं. आणि मालात काय आहे हे आपल्याला सांगत नाहीत.

१४ फेब्रुवारी २०२४ ला आपल्या देशातल्या गोदी कामगारांच्या एका महासंघानं, वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशननं, जाहीर केलं की ११ मोठ्या बंदरांत इस्रायलसाठीचा शस्त्रांचा माल आम्ही चढवणार-उतरवणार नाही. ऑक्टोबर २०२३ मधलं हमासचं हत्याकांड झालं होतं, त्यानंतर इस्रायलची फौज गाझात घुसली होती, हजारो पोरं मेली होती. सरकार ऑक्टोबरच्या ठरावावर तटस्थ राहिलं, डिसेंबरात बाजूनं गेलं. मधल्या काळात हिशेब करत होतं. कामगारांनी हिशेब एका ओळीत संपवला. माझ्यासारख्या कंत्राट्याला असा नकार देणं सोपं नाही, हेही सांगतो. आज नाही म्हटलं तर उद्या गेटपास मिळत नाही. मुकादम म्हणतो, तुला राजकारण करायचं तर घरी कर. म्हणून नकार एकट्याचा चालत नाही. तो टोळीचा पाहिजे, युनियनचा पाहिजे, वस्तीचा पाहिजे. मागं उभं राहणारं कुणीतरी पाहिजे. ते तुम्ही आहात.

पोरांनो, इथून घरी गेल्यावर एक काम करा. जिथं राबता तिथं विचारायला लागा. मार्केटयार्डात, कुरियरच्या गोडाऊनमध्ये, भोसरी-चाकणच्या शॉपवर, हातात मोबाइल घेऊन जिथं बसवलंय तिथं. पेटीत काय आहे? कुठं चाललंय? कुणाच्या डोक्यावर पडणार आहे? पहिल्या दिवशी हसतील. दुसऱ्या दिवशी हाकलतील. तिसऱ्या दिवशी दहा जण विचारत असले, तर पेटीवर नाव लिहायला लागतील.

आणि मत मागायला जो येईल, त्याला पाणी विचारा, संडास विचारा, आणि त्याच दमात हेही विचारा, की परक्या देशावर फौज घुसली तेव्हा तुझ्या पक्षानं तोंड उघडलं होतं का? तो म्हणेल, ताई, तुमचा काय संबंध? सांगा त्याला, आमचा संबंध आहे. जगानं आमच्याबद्दल बोलू नये म्हणून तुम्हीच आम्हाला अंतर्गत बाब केलं होतं.

आम्ही कुणाची अंतर्गत बाब नाही. जयभीम.